पहिला जादुई सोबती कसा निवडावा: खान्देशातल्या नव्या खेळाडूंसाठी

पुण्या-नाशिकला शिकायला गेलेला एखादा मित्र सुट्टीत घरी येतो, फाशांची पिशवी सोबत आणतो आणि जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स या कथा सांगत फाशांवर खेळायच्या खेळाचा पहिला डाव बसतो. कॅरेक्टर, म्हणजे कथेतलं आपलं पात्र, बनवतानाच नव्या खेळाडूचा प्रश्न येतो, "मला एखादा प्राणी मिळेल का? कोणता घेऊ?" मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते, जुन्या-नव्या आवृत्त्यांचे नियम एकमेकांत मिसळतात आणि अख्खा पहिला तास त्यातच जातो. तो तास वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत, जे काम करायला कुणी नाही ते करणारा प्राणी घ्या, आणि शक्यतो ज्याच्या सवयी तुम्ही स्वतः पाहिल्या आहेत असा घ्या. आकड्यांच्या हिशोबाने दोन छोट्या प्राण्यांत फरक थोडाच असतो. पण शेताच्या बांधावर पाहिलेला प्राणी खेळाडू ज्या तपशिलाने टेबलावर आणतो, तसा चित्रात पाहिलेला ड्रॅगन आणता येत नाही.

१. आधी डीएमशी बोला

डीएम म्हणजे डंजन मास्टर, कथा सांगणारा आणि नियमांचा निवाडा करणारा. त्याला विचारायचा पहिला प्रश्न आवृत्तीचा. पाचव्या आवृत्तीचं मूळ पुस्तक २०१४ चं आणि सुधारित पुस्तक २०२४ चं. दोन्ही आज खेळली जातात आणि सोबत्यांचे नियम दोन्हीत बरेच वेगळे आहेत. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ एका आवृत्तीचा आणि टेबल दुसऱ्या आवृत्तीचं, हा सगळ्यात नेहमीचा घोळ. डीएमला एवढं विचारून घ्या:

- कोणती आवृत्ती, आणि २०२० मध्ये आलेल्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' मधले पर्यायी नियम चालतील का?
- पुस्तकाच्या यादीतल्या प्राण्याचे आकडे तसेच ठेवून त्याचं रूप बदललं तर चालेल का?
- कथा जमिनीवरची आहे, भुयारातली आहे की पाण्यातली?
- टेबलावर कुणाला सापाची किंवा कोळ्याची खरीखुरी भीती आहे का?

शेवटचा प्रश्न टाळू नका. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या रानात सर्पदंशाने घरचं माणूस गेलेलं असू शकतं. अशा मित्रासमोर तासन् तास नागाचं वर्णन करणं बरोबर नाही. कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नका, दुसरा प्राणी घ्या.

२. जवळ काय काय हवं

- नियम. मूळ नियमांचा मोठा भाग 'एसआरडी' या नावाने अधिकृतपणे फुकट मिळतो. २०१४ च्या नियमांसाठी ५.१ ही प्रत जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली आहे, २०२४ च्या नियमांसाठी ५.२ एप्रिल २०२५ पासून. फाइंड फॅमिलियर (छोटा जादुई सोबती, म्हणजे फॅमिलियर, बोलावण्याचा स्पेल किंवा मंत्र) आणि छोट्या प्राण्यांचे आकडे दोन्हीत आहेत.
- सात फाशांचा एक संच. नसला तर मोबाईलवरचं फाशांचं अ‍ॅप चालतं.
- कॅरेक्टर शीट, आणि प्राण्यासाठी वेगळं पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड.
- नकाशावर ठेवायला खूण. चिंचोका पुरतो, फक्त रंगवून घ्या म्हणजे शत्रूंच्या चिंचोक्यांत मिसळणार नाही.

एक इशारा. रेंजर या रानात वावरणाऱ्या लढवय्याचा बीस्ट मास्टर (प्राणी घेऊन लढणारा) हा प्रकार फुकटच्या प्रतीत नाही. तिथे रेंजरसाठी फक्त हंटर दिलेला आहे. बीस्ट मास्टर व्हायचं असेल तर कुणाकडे तरी पुस्तक आहे का ते आधी पाहा.

३. सोबती कोणत्या वाटेने येतो ते ठरवा

प्राणी पाहिजे म्हणून क्लास (पात्राचा पेशा) निवडायचा, की क्लास ठरवून मग प्राणी? दोन्ही चालतं. पण वाटा माहीत हव्यात.

विझार्डसाठी, म्हणजे पुस्तकातून जादू शिकणाऱ्यासाठी, रस्ता सरळ आहे. पहिल्याच लेव्हलला फाइंड फॅमिलियर हा स्पेल पुस्तकात लिहून घ्यायचा. तुमचं कॅरेक्टर विझार्ड नसेल तर मॅजिक इनिशिएट या फीटमधून (जादा कौशल्यातून) तो मिळवता येतो. २०२४ च्या पुस्तकात सेज (विद्वान) ही पार्श्वभूमी घेतली की ही फीट सोबतच येते.

वॉरलॉकला (कराराने जादू मिळवणाऱ्याला) पॅक्ट ऑफ द चेनमधून जास्त ताकदवान सोबती मिळतो: इम्प, क्वासिट (दोन्ही छोटे सैतान), स्प्राइट (छोटी परी) किंवा स्यूडोड्रॅगन. २०१४ मध्ये तिसऱ्या लेव्हलला, २०२४ मध्ये पहिल्यापासून, आणि नव्या यादीत आणखी काही रूपंही आहेत. नवे खेळाडू बहुतेक वेळा चिमुकला ड्रॅगन म्हणून स्यूडोड्रॅगनवर बोट ठेवतात. घ्या, पण या चौघांत अदृश्य होता न येणारा तो एकटाच आहे हे माहीत असू द्या. हेरगिरी हेच मुख्य काम असेल तर इम्प सरस.

ड्रुइडला (निसर्गातून जादू घेणाऱ्याला) 'टाशा'च्या पर्यायी नियमांनी किंवा २०२४ च्या नियमांनी दुसऱ्या लेव्हलपासून वाइल्ड शेपचा (प्राण्याचं रूप घेण्याच्या ताकदीचा) एक वापर खर्चून फॅमिलियर बोलावता येतो.

रेंजरचा सोबती वेगळ्या जातीचा, तो लढतो. २०१४ च्या बीस्ट मास्टरला तिसऱ्या लेव्हलला मध्यम किंवा त्याहून लहान आकाराचा, चॅलेंज रेटिंग (लढायला किती जड त्याचा आकडा) एक-चतुर्थांश किंवा कमी असलेला प्राणी मिळतो. लांडगा आणि पँथर यात बसतात, म्हणजे माळावरचा लांडगा आणि सातपुड्यातला बिबट्या दोन्ही जमले. अडचण अशी की तिथे प्राण्याला हल्ल्याचा हुकूम देण्यात तुमची स्वतःची, पाळीतल्या मुख्य कामाची, अ‍ॅक्शन जाते. 'टाशा'ने ते काम पाळीतल्या जोडकामाच्या बोनस अ‍ॅक्शनवर आणलं आणि २०२४ मध्येही तसंच आहे. डीएम जुन्याच नियमांवर ठाम असेल तर पहिल्या कॅरेक्टरसाठी ही वाट घेऊ नका. आपल्या पाळीला फक्त लांडग्यालाच हलवत बसणं नव्या खेळाडूला लवकर कंटाळवाणं होतं.

पॅलाडिनला (शपथ घेतलेल्या योद्ध्याला) पाचव्या लेव्हलला दुसऱ्या पातळीचे स्पेल मिळतात आणि त्यात फाइंड स्टीड (स्वारीचा प्राणी बोलावणारा) असतो. जुन्या नियमांत युद्धघोडा, तट्टू, उंट, एल्क (मोठं हरीण) किंवा मास्टिफ कुत्रा, यातलं एक रूप घ्यायचं. या प्राण्याला तुमची एक भाषा समजते आणि एक मैलाच्या आत तो तुमच्याशी मनातल्या मनात बोलतो.

तुमचा गट पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असेल तर तिथला विचार निराळा आहे. फॅमिलियरसाठी रोज सकाळी साधारण दोन क्षमता निवडायच्या, आज उडणारा, उद्या बोलणारा. ते नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर पूर्ण फुकट वाचता येतात. पुढचं सगळं मात्र डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फॅमिलियरबद्दल आहे, कारण नव्या माणसाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

४. पार्टीत कोणतं काम रिकामं आहे?

टेबलावर बसलेल्यांना विचारा. पुढे जाऊन टेहळणी कोण करतं? अंधारात कोणाला दिसतं? लढाईत तलवारवाल्याला मदतीचा हात कोण देतो? उत्तरं मिळाली की यादी आपोआप आखूड होते. आकडे २०१४ च्या पुस्तकातले आहेत.

घुबड. नव्या खेळाडूला मी डोळे झाकून हेच सुचवतो. ६० फूट उडतं, अंधारात १२० फुटांपर्यंत पाहतं आणि त्याच्याकडे फ्लायबाय आहे, म्हणजे शत्रूच्या जवळून उडून निघताना त्याच्यावर संधीचा वार होत नाही. नकाशावरचं एक घर ५ फुटांचं, त्यामुळे घुबड एका पाळीत १२ घरं जातं. आता हे लढाईत कसं चालतं ते पाहा. घुबड झाडावरून निघतं, राक्षसाच्या डोक्याजवळ येतं, हेल्प अ‍ॅक्शन घेतं आणि परत फांदीवर जाऊन बसतं. तुमच्या पार्टीतला जो कुणी त्या राक्षसावर पुढचा वार करेल त्याला अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे स्पेल दोन खोल्यांत संपतात, घुबडाची ही मदत मात्र दर फेरीला मिळत राहते. फक्त शत्रूलाही डोकं असतं. दोन फेऱ्या झाल्या की कुणीतरी धनुष्यबाण घुबडाकडे वळवतो, आणि घुबडाचा हिट पॉइंट, म्हणजे जीव किती ते सांगणारा आकडा, एकच असतो.

वटवाघूळ. ६० फुटांचा ब्लाइंडसाइट. काळोख असो, धुकं असो, अदृश्य शत्रू असो, त्याला कळतं. कान बंद झाले की हे सगळं जातं.

कावळा. यादीत आहे तो रेव्हन, म्हणजे डोमकावळा. ऐकलेल्या आवाजांची नक्कल करतो. पहारेकऱ्याला चकवण्यासाठी पोराचं रडणं किंवा कुजबुज काढून दाखवतो, आणि समोरच्याला ती नक्कल ओळखायला इनसाइटचा, म्हणजे समोरच्याला पारखण्याचा, १० चा टप्पा गाठावा लागतो. नक्कल म्हणजे संभाषण नव्हे, हे डीएमही कधी विसरतो. तरीही गंमत आहे. एका डावात एका खेळाडूचा कावळा बाजारात ऐकलेलं "कोठे जाई राह्यना रे भाऊ?" हे एकच वाक्य प्रत्येक दारावर म्हणत असे. पुढे गावच्या गाव त्या कावळ्याला ओळखू लागलं.

मांजर. घरातलं, ओळखीचं, कुठेही फिरलं तरी कुणी संशय घेत नाही. शहरातल्या कथेत उत्तम. पण २०१४ च्या पुस्तकात मांजराला अंधारात दिसण्याची क्षमता दिलेली नाही. २०२४ मध्ये ती दिली आहे. जुन्या नियमांनी खेळताना मांजर घेऊन भुयारात उतरू नका.

कोळी आणि उंदीर. फटीतून आत जायला. कोळी छतावरूनही चालतो.

विषारी साप. इथे लोक फसतात. दंश भारी आहे म्हणून घेतात आणि मग कळतं की फाइंड फॅमिलियरने आलेला प्राणी हल्ला करूच शकत नाही. त्याचं विष कागदावरच राहतं.

ऑक्टोपस, समुद्रघोडा, खेकडा, मासा हे कथा पाण्यातली असेल तरच.

५. आपल्या रानातला प्राणी आणा

डीएमने रूप बदलायला होकार दिला असेल तर खरी मजा इथे आहे. आकडे पुस्तकातले, अंगरखा आपला. फाइंड फॅमिलियरने येतो तो मुळात प्राण्याच्या रूपातला आत्माच असतो, दिव्य, परीलोकातला किंवा पाताळातला. मग तो आत्मा सातपुड्यातल्या प्राण्याचं रूप घेऊन आला तर नियमाला कुठे धक्का लागतो?

माझा सगळ्यात आवडता सोबती रानपिंगळा, एक छोटं घुबड. हा पक्षी खान्देशाच्या हक्काचा आहे. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नव्हता, तो नामशेष झाला असंच धरलं जात होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला. तोरणमाळ आणि यावलच्या जंगलातही त्याची नोंद आहे. शतकाहून जास्त काळ हरवलेला आणि मग भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेला सापडलेला पक्षी! जादूगाराच्या सोबत्याला याहून चांगली पूर्वकथा कुणी लिहून देणार आहे का?

त्याच्या सवयी टेबलावर वापरा. इतर घुबडांसारखा तो रात्रीची वाट पाहत नाही, दिवसा शिकार करतो. पानगळ झालेल्या सागाच्या शेंड्यावर ताठ बसतो आणि शेपूट डावी-उजवीकडे झटकत राहतो. गावातल्या पिंगळ्यासारखे डोक्यावर ठळक ठिपके नसतात, बांधा दणकट, पायांवर दाट पांढरी पिसं. खेळताना "माझं घुबड पाहणी करतं" असं म्हणण्याऐवजी "रानपिंगळा बुरुजावर बसला, त्याची शेपूट झटकायची थांबली" असं म्हणा. टेबल लगेच सावध होतं, काहीतरी आहे हे सगळ्यांना कळतं.

घरातली मोठी माणसं घुबडाचा विषय निघाला की कुरकुरतात, अशुभ म्हणतात. त्यांना हीच शहाद्याची हकिगत सांगा, बहुतेक जण रस घेऊन ऐकतात.

मुंगसाला वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याचे आकडे द्या: आर्मर क्लास (वार लागायला किती अवघड ते) १३, हिट पॉइंट १, नाक-कान तीक्ष्ण, लपण्यात पटाईत. बांधावरून पळता पळता मध्येच थांबून मागच्या पायांवर उभं राहणारं मुंगूस तुम्ही शंभरदा पाहिलं असेल, तेच खेळा.

पॅलाडिनवाल्यांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची आठवण करावी. तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातून घोडे येतात, आणि तिथे कान दिला तर घोड्याचं वर्णन कसं करतात ते आपोआप शिकता येतं: अबलख, कुमैत, नुकरा, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याण. "पांढरा घोडा आला" आणि "पंचकल्याण कुमैत आला, खूर आपटून उभा राहिला" यात कोणता घोडा इतर खेळाडूंना दिसेल ते सांगायला नको.

रूप बदलताना एक मर्यादा पाळा: नव्या रूपाबरोबर नवी ताकद मागू नका. मुंगसाला सापाच्या विषाचं काही होऊ नये, असं म्हणावंसं वाटेल. ते डीएमने आपणहून दिलं तर घ्या.

६. बोलावण्याचा खर्च आणि वेळ

जुन्या नियमांत कोळसा, धूप आणि वनस्पती मिळून १० सोन्याच्या नाण्यांचा माल लागतो आणि तो पितळी शेगडीत जळून संपतो. स्पेलला एक तास लागतो. विझार्डने तो रिच्युअल, म्हणजे संथ विधी, म्हणून केला तर आणखी १० मिनिटं, पण स्पेल स्लॉट (दिवसातल्या मोजक्या स्पेलांपैकी एक) वाचतो, आणि रिच्युअलसाठी तो त्या दिवशी तयार केलेला असावा लागत नाही, पुस्तकात असला की पुरे. नव्या खेळाडूने नेहमी रिच्युअलच करावा.

पैशाचा हिशोब आधी बघा. सेज पार्श्वभूमीला सुरुवातीला १० नाणी मिळतात, म्हणजे बरोब्बर एका वेळेपुरती. हर्मिट (संन्यासी) पार्श्वभूमीला ५ मिळतात, म्हणजे पहिल्याच दिवशी प्राणी नाही. डीएमला सांगून पहिला विधी कथा सुरू होण्याआधीच झाला असं ठरवून घेतलं तर सगळ्यांचाच वेळ वाचतो. आणि भुयारात धूप जाळाल तर वास लांबवर जातो, चांगला डीएम त्याचा उपयोग करणारच.

७. टेबलावर वापरताना

फॅमिलियरशी १०० फुटांच्या आतच मनातून बोलता येतं, म्हणजे नकाशावर २० घरं. त्याच्या डोळ्यांनी पाहायचं तर जुन्या नियमांत तुमची अ‍ॅक्शन जाते आणि तेवढा वेळ तुमचे स्वतःचे डोळे-कान बंद असतात. म्हणून आधी भिंतीला पाठ लावून बसा, शेजारी कुणाला तरी उभं करा. नव्या नियमांत हे बोनस अ‍ॅक्शनवर होतं.

१०० फुटांपलीकडे पाठवायचा असेल तर निघण्याआधी तीन गोष्टी सांगून ठेवा: कुठपर्यंत जायचं, काय बघायचं, कधी परतायचं. "लळिंगसारख्या त्या किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाजापर्यंत जा, पहारेकरी किती ते बघ, मशाल हलली की परत ये." असा हुकूम दिला की डीएमला दोन वाक्यांत उत्तर देता येतं. हुकूम मोघम असेल तर तुमची एकट्याची टेहळणी अर्धा तास चालते आणि बाकीचे मोबाईल काढतात. सोबती बाळगणाऱ्या खेळाडूने दुसऱ्यांच्या वेळेची सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी, कारण त्याच्या एका खुर्चीवर दोघं बसलेले असतात.

फॅमिलियर लढाईत स्वतःचा इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारा फासा, टाकतो आणि स्वतःच्या पाळीला हलतो. ते विसरलं जातं, म्हणून कार्डावर वरच लिहा. शॉकिंग ग्रास्पसारखा स्पर्शाचा स्पेल तुम्ही त्याच्यामार्फत पोचवू शकता. तो १०० फुटांत हवा आणि त्यात त्याची फेरीत एकदाच मिळणारी रिअ‍ॅक्शन जाते.

कार्डावर एवढं लिहा: नाव, कोणत्या प्राण्याचे आकडे, आर्मर क्लास, हिट पॉइंट, वेग घरांमध्ये, अंधारात किती घरं दिसतं, एक सवय, एक आवाज. सवय आणि आवाज मी मुद्दाम शेवटी लिहिले असले तरी टेबलावर दर पाच मिनिटांनी तेच लागतात.

८. तो मेला तर

शून्य हिट पॉइंट झाले की फॅमिलियर नाहीसा होतो. तो आत्मा मरत नाही, तुम्ही पुन्हा विधी केला की परत येतो, हवं तर दुसऱ्या रूपात. म्हणून नवे खेळाडू त्याला सापळे तपासायला पुढे ढकलत राहतात. नियमाने चालतं, पण प्रत्येक वेळी १० नाणी आणि तासाभराहून जास्त वेळ जातो, आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला १० नाणी ही मोठी रक्कम आहे. संकट समोर दिसलं तर एक अ‍ॅक्शन खर्चून त्याला आपल्या गुप्त जागेत पाठवून द्या. नंतर दुसऱ्या अ‍ॅक्शनने तो तुमच्यापासून ३० फुटांच्या आत परत येतो. ड्रॅगनने तोंड उघडायच्या आधी हे करायचं असतं, म्हणून घुबड कुठे बसलंय ते दर फेरीला स्वतःच पाहत जा. पार्टीचा खजिना वाटताना निदान दोन विधींचे, म्हणजे २० नाण्यांचे पैसे वेगळे काढून कार्डाच्या मागे लिहून ठेवा.